इंग्लंडमध्ये यूएक्स डिझाइनची डिग्री अप्रेंटिसशिप: अर्जापासून शेवटच्या परीक्षेपर्यंत

डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये कंपनी तुम्हाला पहिल्या दिवसापासून पगारावर घेते, विद्यापीठाची फी तुमच्या खिशातून जात नाही आणि तीन-चार वर्षांनी हातात ऑनर्स डिग्री पडते. इंग्लंडमध्ये हा प्रकार २०१५ पासून सुरू आहे. यूएक्ससाठी (यूजर एक्सपीरियन्स, म्हणजे अॅप किंवा संकेतस्थळ वापरणाऱ्याला सोपं जावं असं डिझाइन) त्यात सहाव्या लेव्हलची, म्हणजे बॅचलर डिग्रीच्या पातळीची, वेगळी अप्रेंटिसशिप आहे. तिचं सरकारी नाव ‘डिजिटल यूजर एक्सपीरियन्स प्रोफेशनल’.

आपल्याकडे ‘अप्रेंटिस’ म्हटलं की आयटीआय, वर्कशॉप आणि निळा डगला डोळ्यांपुढे येतो, आणि बरेच आई-बाबा तिथेच नाक मुरडतात. मुरडू नका. २०२५-२६ साली इथल्या विद्यापीठाची फी स्थानिक विद्यार्थ्यांना वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत होती. तीन वर्षांचे झाले अठ्ठावीस हजारांच्या वर, राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. अप्रेंटिसशिपमध्ये त्यासाठीचं कर्ज होतच नाही. कंपन्या हे उपकार म्हणून करत नाहीत. वर्षाचं पगारबिल तीस लाख पौंडांच्या वर गेलं की त्यावर अर्धा टक्का लेव्ही (अप्रेंटिसशिपसाठीचा कर) भरावी लागते, २०१७ पासून. अप्रेंटिसच्या शिक्षणावर ती वापरली नाही तर पैसे हातचे जातात. त्यामुळे बँका, विमा कंपन्या, प्रसारण संस्था, सरकारी खाती हे सगळे अप्रेंटिस घेतात.

मी रेडिंगमध्ये यूएक्सचं काम करते आणि नव्या अप्रेंटिसना हाताखाली घेऊन शिकवणं हा माझ्या कामाचा भाग आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते: ही आधी नोकरी आहे, मग डिग्री. अर्ज, सुट्ट्या, अभ्यास, शेवटची परीक्षा यांत जी मुलं अडखळतात ती बहुतेकदा हा क्रम उलटा धरून चाललेली असतात. (खाली लिहिलेलं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्सची व्यवस्था वेगळी आहे.)

१. तुम्ही पात्र आहात का, हे आधी बघा

सरकारी पैशातून शिकायचं तर इंग्लंडमध्ये काम करण्याचा हक्क हवा, कामाचे निम्मे तरी तास इंग्लंडमध्ये भरायला हवेत, आणि सुरुवातीच्या तारखेआधीची तीन वर्षं तुमचं नेहमीचं राहणं इथे असायला हवं. वयाला वरची मर्यादा नाही.

यातला व्हिसाचा भाग आपल्या लोकांना फारसा माहीत नसतो. समजा, आई स्किल्ड वर्कर व्हिसावर नागपूरहून आली आणि मुलगा डिपेंडंट म्हणून सोबत आला. चार वर्षांनी तो ए-लेव्हल (इथली बारावी) संपवतो, पण कुटुंब अजून सेटल्ड नाही, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळालेली नाही. विद्यापीठात अर्ज केला तर बहुतेक वेळा त्याला परदेशी विद्यार्थी धरतात. मग फी दुप्पट-तिप्पट, आणि सरकारी स्टुडंट लोनही नाही. अप्रेंटिसशिपचे नियम मात्र वेगळे आहेत. शिक्षणासाठी नसलेल्या व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या आणि तीन वर्षं पूर्ण केलेल्या माणसाला त्यात जागा आहे. म्हणजे हाच मुलगा फी न भरता डिग्री करू शकतो. व्हिसा कोर्सच्या मधेच संपत असेल तर कंपनी आणि विद्यापीठ नूतनीकरणाबद्दल विचारणारच, त्याची कागदपत्रं हाताशी ठेवा.

हाच नियम लग्नानंतर डिपेंडंट व्हिसावर आलेल्यांनाही लागू होतो. पुण्याहून बीई करून आलात आणि आता डिझाइनकडे वळायचंय? आधीची डिग्री असली तरी अडत नाही, नवीन अभ्यासक्रमातून खरोखर नवं काही शिकायला मिळणार असेल तर. सुरुवातीला तुम्हाला आधीच काय येतं याची तपासणी होते आणि त्याप्रमाणे कोर्स कमी केला जातो.

ज्यांना जमणार नाही तेही सांगते. स्टुडंट व्हिसावर असाल तर हा रस्ता बंद. भारतात बसून अर्ज करून थेट इथे येणंही या वाटेने होत नाही, तीन वर्षांची अटच आड येते. त्यांनी यूसीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसीसारख्या ठिकाणी बीडेस करावं. उगाच एजंटच्या नादी लागू नये.

२. जागा कुठे आणि कधी शोधायच्या

सरकारची ‘फाइंड अॅन अप्रेंटिसशिप’ सेवा, यूकॅसचं (विद्यापीठांचे अर्ज घेणारी संस्था) अप्रेंटिसशिपचं पान, आणि मोठ्या कंपन्यांची करिअरची पानं. या तिन्ही ठिकाणी सूचना लावून ठेवा. यूएक्सच्या जागा सॉफ्टवेअरच्या मानाने कमी निघतात, म्हणून ‘यूएक्स’ एवढाच शब्द टाकून थांबू नका. ‘सर्व्हिस डिझाइन’, ‘प्रॉडक्ट डिझाइन’, ‘यूजर रिसर्च’, ‘इंटरॅक्शन डिझाइन’ यांनीही शोधा. ‘डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्यूशन्स’ नावाची डिग्री अप्रेंटिसशिप जास्त ठिकाणी मिळते, पण ती मुळात तंत्रज्ञानाची आहे. डिझाइन हवं असेल तर त्या जागेवर टीम कोणती मिळणार हे विचारून मगच अर्ज करा.

इथे विद्यापीठ तुम्ही निवडत नाही. कंपनीचा एखाद्या विद्यापीठाशी करार असतो आणि कंपनीने निवडलं की विद्यापीठात जागा ओघाने येते, अर्थात त्यांच्या मार्कांच्या अटी पूर्ण होत असतील तर. घरच्यांना हे पटायला वेळ लागतो. ‘विद्यापीठाचं रँकिंग काय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते रँकिंगपेक्षा टीम कशी आहे याला दहापट महत्त्व आहे, कारण आठवड्याचे चार दिवस तुम्ही त्या टीमसोबत काढणार असता.

यूकॅससारखी एकच शेवटची तारीख इथे नसते. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या जागांच्या जाहिराती मोठ्या कंपन्या आदल्या शरद ऋतूपासून काढू लागतात, आणि पुरेसे अर्ज आले की दिलेल्या तारखेआधीच खिडकी बंद करतात. जाहिरात दिसली की त्याच आठवड्यात अर्ज टाका. यूकॅसचा अर्जही सोबत चालू राहू द्या. दोन्ही एकाच वेळी करायला कुठलीच बंदी नाही.

३. पोर्टफोलिओ: दोन कामं पुरे

अठरा वर्षांच्या मुलाकडून कुणी चकचकीत पोर्टफोलिओची अपेक्षा करत नाही. तरी दरवर्षी एखाद्या लोकप्रिय अॅपला नवे रंग चढवलेल्या स्क्रीनचा ढीग आमच्यापुढे येतो. त्यातून तुम्हाला फिग्मा (स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर) येतं एवढंच कळतं. तुम्ही विचार कसा करता, ते कळत नाही.

त्यापेक्षा जवळचं, छोटं आणि खरं काम उचला. गावातल्या मराठी मंडळाचा गणपतीच्या नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म घ्या. तीन-चार जणांना तो तुमच्यासमोर भरायला सांगा: एक आजी, एक नुकतेच आलेले काका, इथेच वाढलेली एखादी मुलगी. तुम्ही फक्त बघा. आजी पहिल्याच रकान्यात अडकतील. फॉर्म मागतो ‘फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम’, आणि त्यांच्या पासपोर्टवर स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव मिळून ‘गिव्हन नेम’मध्ये आहे. मिडल नेम म्हणून यजमानांचं नाव लिहायचं की रिकामं सोडायचं? लहान मुलांसाठी वेगळा रकाना नाही म्हणून काका नातवाचं नाव ‘जेवणाबद्दल सूचना’मध्ये लिहितील. हे सगळं टिपून ठेवा. मग नावासाठी एकच रकाना, माणसांची संख्या आधी विचारणं, असे दोन-तीन बदल कागदावर काढा आणि तो कागद घेऊन पुन्हा त्याच आजींकडे जा.

ब्रिटिश सरकारची डिझाइन सिस्टिम (स्क्रीनचे तयार तुकडे आणि ते वापरायचे नियम) सुद्धा शक्य असेल तिथे पूर्ण नावाला एकच रकाना द्या, असंच सांगते. माणसांची नावं एका साच्यात बसत नाहीत, हे कारण. मुलाखतीत हे सांगितलंत तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसेल. फॉर्म कसा होता, लोक कुठे अडकले, तुम्ही काय बदललं आणि तरीही काय जमलं नाही, असं दोन कामांबद्दल प्रत्येकी दोन-तीन पानांत लिहा. पेन्सिलीची चित्रं चालतात. स्वच्छ फोटो काढा म्हणजे झालं.

४. निवड

आधी ऑनलाइन अर्ज आणि छोट्या चाचण्या, मग व्हिडिओवरची उत्तरं, आणि शेवटी असेसमेंट सेंटर, म्हणजे उमेदवारांना एकत्र बोलावून घेतलेली चाचणी. ते अर्ध्या दिवसाचं असतं किंवा पूर्ण दिवसाचं. तिथे गटात एक डिझाइनचं काम देतात. ‘रेल्वे स्टेशनवर हरवलेल्या वस्तू परत मिळवण्याची सेवा सुधारा’, अशा धर्तीचं काही. आपली हुशार मुलं लगेच उत्तराला हात घालतात: अॅप काढू, क्यूआर कोड लावू. परीक्षकांचं लक्ष असतं ते कुणी आधी प्रश्न विचारतं का याकडे. वस्तू कुणाची हरवते? फोनच हरवला असेल तर अॅप उघडणार कशावर? स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याचं काम यात वाढतं की कमी होतं?

बोलत-बोलत विचार करा. गप्प बसून उत्तम उत्तर काढलंत तरी त्याला मार्क मिळत नाहीत. शेजारचा गप्प असेल तर त्याला विचारा, ‘तुला काय वाटतं?’ हे नाटक म्हणून करू नका, ते लगेच उघडं पडतं.

आणि आई-बाबा, कंपनीला फोन तुम्ही करायचा नाही.

५. सही करण्याआधी

तुमच्या हातात दोन कागद येतील. एक अप्रेंटिसशिप अॅग्रीमेंट आणि दुसरा ट्रेनिंग प्लॅन. दुसऱ्यात काय शिकवणार, कोण शिकवणार आणि कामाबाहेरच्या शिक्षणाला किती तास देणार हे लिहिलेलं असतं. हे तास पगारी वेळेतलेच असले पाहिजेत. पूर्वी आठवड्याला सरासरी सहा तास हा किमान नियम होता. ऑगस्ट २०२५ पासून सुरू करणाऱ्यांसाठी प्रत्येक अप्रेंटिसशिपचे एकूण किमान तास ठरवून दिले आहेत. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आठवड्यातला एक दिवस विद्यापीठाला देतात, किंवा काही आठवड्यांचे सलग ब्लॉक ठेवतात.

पगाराचं बघा. कायद्याने अप्रेंटिसचं किमान वेतन एप्रिल २०२६ पासून तासाला ८ पौंड आहे, पण ते पहिल्या वर्षी किंवा एकोणीसच्या आतल्यांना. त्यानंतर वयाप्रमाणे नेहमीचं किमान वेतन लागू होतं. अठरा ते वीस वयाला ते १०.८५ पौंड आहे. डिग्री अप्रेंटिसला मोठ्या कंपन्या याहून बरंच जास्त देतात. दरवर्षी वाढ किती, हे मात्र लेखी मागा. लंडनमधली जागा असेल तर भाडं वजा करून बघा. घरून जाणं-येणं जमत असेल तर हिशेब पार बदलतो.

मग हे प्रश्न विचारा, संकोच न करता. टीममध्ये आणखी किती डिझायनर आहेत? माझं काम रोज कोण बघणार? रिसर्च सेशनला मला कधीपासून बसता येईल? टीममध्ये तुम्ही एकटेच यूएक्सवाले असणार असाल तर मी म्हणेन, दुसरी ऑफर बघा. शिकवणाराच नसेल तर तीन वर्षं तुम्ही प्रेझेंटेशनच्या स्लाइड सुंदर करत बसाल.

दोन हक्क पाठ करून ठेवा. शिक्षणाचा किंवा परीक्षेचा खर्च कंपनी तुमच्याकडून घेऊ शकत नाही, तुम्ही मधेच नोकरी सोडलीत तरीही. आणि कंपनीनेच नोकरकपात केली तर शिक्षण त्याच दिवशी थांबत नाही, नवा मालक शोधायला किमान बारा आठवडे मिळतात.

६. पहिले तीन महिने

सुरुवातीला तुमच्याकडे मोठं काम येणार नाही, आणि तेच बरं. तुम्ही बैठकांना बसाल, दुसऱ्याच्या इंटरव्ह्यूच्या नोंदी घ्याल, फिग्मामध्ये कंपनीच्या डिझाइन सिस्टिममधली बटणं-रकाने वापरून आधी ठरलेल्या स्क्रीन लावाल, मिरो या ऑनलाइन पाटीवर चिकटचिठ्ठ्यांचे गट पाडाल. कंटाळवाणं वाटतं. पण कुठली स्क्रीन कुणाच्या सांगण्यावरून तशी झाली आहे, हे याच काळात कळतं.

मॅनेजरला नावानेच हाक मारा. ‘सर-मॅडम’ इथे कानाला खटकतं. त्यापुढची अडचण जास्त खोल आहे. मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे आपल्या हाडीमासी भिनलेलं असतं, आणि डिझाइन क्रिटमध्ये नेमकं तेच करायचं असतं. क्रिट म्हणजे एकाने आपलं अर्धवट काम भिंतीवर लावायचं आणि बाकीच्यांनी त्यात खोट काढायची. ‘मला हे आवडलं नाही’ असं म्हणू नका. ‘या पानावर रक्कम कुठे दिसते ते मला सापडलं नाही’ असं म्हणा. आपलं काम लावताना आधीच सांगा, ‘मला फक्त पानांच्या क्रमाबद्दल मत हवंय, रंग अजून ठरलेले नाहीत.’ नाहीतर अर्धा तास रंगांवरच जातो.

पहिल्या महिन्यात वाचायला एकच गोष्ट सुचवते: गव्ह डॉट यूकेची, म्हणजे वर सांगितलेली सरकारी, डिझाइन सिस्टिम. फुकट आहे आणि प्रत्येक नियमामागे कारण दिलेलं आहे. एका पानावर एकच प्रश्न का, चूक झाल्यावर दिसणारा संदेश कसा लिहावा, माहीत असलेली तारीख तीन छोट्या रकान्यांत का मागावी, हे सगळं तिथे मिळतं. तुमची कंपनी सरकारी नसली तरी वाचा. सोबत सुलभतेचे, म्हणजे अपंगांनाही संकेतस्थळ वापरता यावं यासाठीचे, नियम बघा. त्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, आणि त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. सरकारी संकेतस्थळांना सुलभतेचं बंधन २०१८ च्या नियमांनी घातलं आहे, आणि खासगी कंपन्यांवर २०१० चा समानता कायदा आहेच. रोज दहा मिनिटं माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर आपल्याच कंपनीचं संकेतस्थळ वापरून बघा. काय-काय सापडतं ते बघून हसू येईल, मग राग येईल.

७. युजरसमोर बसणं

या कामाचा गाभा हाच. एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण नव्या माणसाची परीक्षा इथेच होते.

विम्याच्या दाव्याचा फॉर्म तपासायचा होता. समोर सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, शेजारी मी, मागे नोंदी घेणारी अप्रेंटिस. जन्मतारखेच्या रकान्यावर दाबलं की कॅलेंडर उघडायचं, चालू महिन्याचं. गृहस्थांनी मागे जायचा बाण दाबला. एक महिना मागे. पुन्हा दाबला. त्यांचा जन्म १९५१ चा. त्या बाणाने तिथपर्यंत जायला जवळजवळ नऊशे वेळा दाबावं लागलं असतं. वर साल लिहिलेल्या जागी दाबलं की सालांची यादी उघडत होती, पण ती जागा दाबायची आहे हे कशावरूनही कळत नव्हतं. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अप्रेंटिस त्यांना मदत करायला निघाली होती. मी हातानेच थांबवलं.

मदत करावीशी वाटणं हा चांगुलपणा आहे, पण त्या खोलीत त्याने काम बिघडतं. घरी ते फॉर्म भरतील तेव्हा शेजारी कुणी नसेल. गप्प राहा, मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, आणि विचारायचंच असेल तर एवढंच: ‘आत्ता काय करायचा प्रयत्न चाललाय?’ ‘सोपं वाटलं ना?’ असं कधीही विचारू नका. माणूस भिडेखातर हो म्हणतो.

नोंद कशी घ्यायची, तेही त्याच प्रसंगावरून. ‘युजर गोंधळला’ ही नोंद नाही, तो तुमचा निष्कर्ष झाला. नोंद अशी हवी: ‘मागचा बाण सात वेळा दाबला. “हे काय, जन्मभर दाबत बसू?” म्हणाले. मागे टेकले. पानाच्या तळाशी जाऊन फोन नंबर शोधू लागले.’ ही शेवटची ओळ कंपनीला पैशाची भाषा कळवते, कारण फोनवर घेतलेला प्रत्येक दावा महाग पडतो. मॅनेजरपुढे आम्ही तीच ओळ ठेवली, आणि कॅलेंडर जाऊन तीन रकाने आले.

सेशनआधी संमतीपत्रावर सही घ्या. रेकॉर्डिंग कुठे राहणार आणि कधी पुसणार हे माणसाला सांगा. डेटा संरक्षण कायद्याने ते बंधनकारक आहे. नोंदींचा सारांश काढायला एआय वापरण्याचा मोह होईल. कंपनीने परवानगी दिलेलं साधन नसेल तर कुणाचंही नाव-गाव त्यात टाकू नका.

आकडे हवे असतील तर सिस्टिम युजेबिलिटी स्केल ही, एखादी गोष्ट वापरायला किती सोपी आहे ते मोजणारी, प्रश्नावली शिकून घ्या: दहा वाक्यं, पाच पर्याय, शून्य ते शंभर गुण. जॉन ब्रुक यांनी ती १९८६ मध्ये, आमच्या रेडिंगमध्येच, डिजिटल इक्विपमेंट कंपनीत काम करताना तयार केली. ते गुण म्हणजे टक्के नव्हेत, एवढं लक्षात ठेवलं तरी तुम्ही निम्म्या ऑफिसच्या पुढे असाल. सरासरी साधारण ६८ धरतात.

८. नोंदवही: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं

अप्रेंटिसशिपच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे तिच्या सरकारी आराखड्यात, तुम्हाला काय यायला हवं याची यादी असते. ज्ञान, कौशल्यं आणि वागणूक, असे तीन भाग. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला केएसबी म्हणतात. यातला प्रत्येक मुद्दा तुम्ही खऱ्या कामात वापरलात याचा पुरावा शेवटी दाखवावा लागतो. शिवाय कामाबाहेरच्या शिक्षणाचे तासही लिहून ठेवायचे असतात. लेक्चर, असाइनमेंटचं लेखन, दुसऱ्या टीमसोबत बसून शिकणं, मेंटरसोबतची चर्चा, हे त्यात धरतात. नेहमीचं काम धरत नाहीत.

सगळे लिहितात तशी नोंद: ‘रिसर्च सेशनला हजर होते. खूप शिकायला मिळालं. ३ तास.’ विद्यापीठाचा ट्यूटर ती परत पाठवणार, आणि पाठवलीच पाहिजे.

चालणारी नोंद: ‘दाव्याच्या फॉर्मच्या तपासणीत नोंदी घेतल्या. निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे लिहायला शिकले. आधीच्या माझ्या नोंदींत दोन्ही मिसळलेले होते. जन्मतारखेच्या अडचणीसाठी तीन रकान्यांचा पर्याय मांडला, कारणासकट. पुढच्या वेळी प्रश्नावली मी लिहिणार. जोडलेलं: नोंदींचं पान, आधीची आणि नंतरची स्क्रीन.’ खाली केएसबीचे क्रमांक.

शुक्रवारी दुपारी अर्धा तास कॅलेंडरमध्ये बंद करून ठेवा. महिनाभराचं एकदम लिहायला बसलात की काहीच आठवत नाही. मग सगळ्या नोंदी एकसारख्या होतात आणि ते लगेच दिसतं. ग्राहकाची माहिती असलेली कुठलीही स्क्रीन पोर्टफोलिओत जोडण्याआधी नावं-रकमा झाका, आणि जोडायची परवानगी मॅनेजरकडून मेलवर घ्या.

साधारण दर तीन महिन्यांनी तुम्ही, मॅनेजर आणि ट्यूटर अशी तिघांची बैठक होते. कामात नुसत्या स्क्रीन लावून घेतात, रिसर्च मिळतच नाही, अशी तक्रार असेल तर ती मांडायची जागा हीच. तीन महिन्यांत केएसबीच्या कुठल्या रकान्यात एकही पुरावा नाही, ती यादी पुढे करा. तुम्हाला कुणाला दोष द्यावा लागत नाही, यादीच बोलते.

९. विद्यापीठ, सुट्ट्या आणि भारताचं तिकीट

विद्यापीठात तुमचे मित्र उन्हाळ्यात तीन महिने मोकळे असतील, तुम्ही नसाल. तुम्ही कर्मचारी आहात. कायद्याने वर्षाला ५.६ आठवडे सुट्टी, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याला २८ दिवस, आणि कंपनी त्यातच बँक हॉलिडे धरू शकते. विद्यापीठाच्या ब्लॉकमध्ये रजा मिळत नाही. मामेबहिणीचं लग्न डिसेंबरात असेल तर तारखा कळल्या-कळल्या टाइमटेबल बघा आणि तिकीट त्यानंतरच काढा. घरच्यांना ‘कॉलेजच तर आहे’ असं वाटत राहतं, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

असाइनमेंट शक्य तितक्या ऑफिसच्या कामातूनच काढा. विद्यापीठाने सुलभतेवर निबंध मागितला तर ऑफिसमध्ये त्याच महिन्यात सुलभतेची तपासणी मागून घ्या. एकच मेहनत दोन्हीकडे लागते. तरीही संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी थोडा अभ्यास होणारच. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर बहुतेकांचा दम उखडतो, कारण तोवर ऑफिसला तुमची सवय झालेली असते आणि मंगळवारच्या विद्यापीठाच्या दिवशीही मेसेज येऊ लागतात. त्या दिवशी चॅट बंद ठेवा. तो वेळ करारातला आहे.

१०. गेटवे आणि शेवटची परीक्षा

मॅनेजर आणि विद्यापीठ दोघांनी ‘तयार आहे’ म्हटलं की तुम्ही गेटवे ओलांडता. पुढे एक खरा प्रकल्प असतो. त्याचा अहवाल, सादरीकरण आणि प्रश्नोत्तरं, आणि पोर्टफोलिओवर आधारलेली व्यावसायिक चर्चा. ही परीक्षा डिग्रीतच गुंफलेली आहे, त्यामुळे ती टाळून नुसती डिग्री घेता येत नाही. मूल्यमापनाचे नियम सध्या बदलत आहेत, तेव्हा तुमच्या तुकडीला लागू असलेली योजना विद्यापीठाकडून लेखी घ्या. वरच्या वर्गातल्या मित्राचं ऐकून तयारी करू नका.

प्रकल्प निवडताना भव्य काही शोधू नका. ज्यात तुम्हाला सुरुवातीच्या रिसर्चपासून शेवटच्या तपासणीपर्यंत स्वतः हात घालता येईल असा छोटा तुकडा निवडा. मोठ्या प्रकल्पात निर्णय दुसऱ्यांचे असतात, आणि चर्चेत ‘हे तुम्ही का केलं?’ असं विचारलं की ‘टीमने ठरवलं’ एवढंच उत्तर उरतं.

अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी कायम राहीलच असं नाही. गेटवेच्या चार-सहा महिने आधी मॅनेजरला सरळ विचारा: पुढे जागा आहे का, पद काय, पगार किती? अप्रेंटिसचा पगार आणि ज्युनियर डिझायनरचा पगार यांत बरंच अंतर असतं. आपोआप वाढेल म्हणून गप्प बसणाऱ्यांचा वाढत नाही, म्हणून बाहेरच्या जाहिराती बघून आकडा सोबत न्या. लगेच मास्टर्सची अप्रेंटिसशिप करावी असं मनात असेल तर एक अडथळा आहे: जानेवारी २०२६ पासून सातव्या लेव्हलचे सरकारी पैसे मुख्यतः सोळा ते एकवीस वयात सुरू करणाऱ्यांनाच मिळतात.

नोकरी बदलणार असाल तर राजीनामा देण्याआधी पोर्टफोलिओचं बघा. कंपनी जेवढं बाहेर दाखवायची लेखी परवानगी देईल तेवढ्याची पीडीएफ स्वतःकडे ठेवा. लॅपटॉप परत केला त्याच संध्याकाळी फिग्माचं खातंही बंद होतं.